खरखरीत बाजू हवेला धरून ठेवते की सोडून देते?

रविवारी कळव्याला दादाकडे गेले होते. जेवणं उरकली, वहिनी ओटा आवरत होती आणि भाचा जुना सीझन बॉल घेऊन माझ्यासमोर येऊन बसला, एक बाजू पँटला घासून घासून लालभडक केलेली, दुसरी सेंट्रल मैदानाच्या मातीत पार सोलवटलेली. म्हणाला, आत्या, तुझं काम हवेचंच आहे ना, मग सांग, आमचे सर म्हणतात बॉल खरखरीत बाजूला वळतो, टीव्हीवर सांगतात जोरात टाकला की चकचकीत बाजूला वळतो, बॉल तर तोच आहे, मग खरखरीत बाजू हवेला धरून ठेवते की सोडून देते?

पंधरा वर्षांच्या पोराने इतका नेमका प्रश्न विचारला याचं मला खरंच कौतुक वाटलं, कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी महापेच्या एका साइटवर माझ्यासमोर तीन आठवडे ठाण मांडून बसला होता. तेव्हा मला पाठ असलेलं उत्तर होतं की खरखरीतपणामुळे हवा पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहते, गोल्फच्या बॉलवरचे खळगे बघा. आजही नेटवर शोधलं तर हेच मिळतं. ते अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं माहीत नसेल तर नुकसान होतं. रविवारी गाडी पकडायची होती म्हणून त्याला घाईत थोडंसं सांगून निघाले, आता नीट लिहितेय, त्याच्यासाठी आणि डक्टच्या, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळांच्या, कामात असलेल्या सगळ्यांसाठी.

आधी साइटचं सांगते. मी रबाळेला फॅन आणि डक्टिंगच्या कामात आहे. महापेच्या एका कारखान्यात आमचा फॅन बसला होता, फॅनमधून हवा साधारण २० मीटर पर सेकंदने बाहेर पडायची, पुढे डिफ्यूझर होता, म्हणजे हळूहळू रुंद होत जाणारा पत्र्याचा शंकू, ६०० मिलिमीटर व्यासाचा ८५० पर्यंत जाणारा. क्षेत्रफळ दुप्पट, म्हणून वेग निम्मा, १० मीटर पर सेकंद. वेग निम्मा झाला की वेगाचा दाब, म्हणजे हवेच्या वेगात साठलेला दाब, चौथाईवर येतो, २४० पास्कलचा ६०, मधले १८० पास्कल, म्हणजे जवळपास १८ मिलिमीटर पाणी, डिफ्यूझर आपल्याला परत मिळवून देतो, निदान कागदावर तरी. फॅनवाल्यांसाठी हे सोन्यासारखे पास्कल असतात, कारण ते परत मिळाले नाहीत तर तेवढी वीज दर तासाला वाया जाते. पूर्ण शंकूचा कोन ७ अंशांच्या आसपास ठेवावा असा ठोकताळा आहे, त्या हिशोबाने डिफ्यूझर दोन मीटर लांब हवा होता, पण मध्ये कॉलम येत होता म्हणून १.४ मीटरचा केला, कोन झाला १० अंश. तरी सुरुवातीला व्यवस्थित चालला.

मग आवाजाची तक्रार आली. क्लाएंट म्हणाला डिफ्यूझरला आतून लायनिंग, म्हणजे आवाज शोषणारं अस्तर, करा, ग्लासवूल, त्यावर काळं टिश्यू, वरून परफोरेटेड शीट, म्हणजे भोकांचा पत्रा, नेहमीचंच काम. मी घर्षणाचा हिशोब केला, एवढ्याशा लांबीत जेमतेम पाच-दहा पास्कल जास्त जाणार होते. आणि मनात ते गोल्फ बॉलचं होतंच, की खरखरीत झालं तर हवा उलट भिंतीला नीट धरून राहील. म्हणून हो म्हणाले. लायनिंग झालं, आवाज थोडा कमी झाला आणि हवा एवढी कमी झाली की कारखान्यातल्या लोकांना न मोजताच कळली. पिटो ट्यूब, म्हणजे हवेचा दाब आणि वेग मोजायची नळी, घेऊन बसलो तर परत मिळणाऱ्या दाबातला मोठा हिस्सा गायब होता, पाच-दहा पास्कलचा हिशोब कुठल्या कुठे राहिला. पहिल्यांदा वाटलं लायनिंगची सुरुवातीची कड वर आलीये तिच्यामुळे असेल, ती तासून उतरती केली, थोडा फरक पडला, फार नाही. शेवटी शंकूला ॲक्रिलिकची खिडकी बसवली आणि आतल्या शीटवर लोकरीचे धागे टेपने चिकटवले. फॅन चालू केला. वरच्या बाजूचे धागे पुढे ताणून फडफडत होते आणि खालच्या बाजूला अर्ध्या वाटेनंतरचे धागे उलटे फिरून फॅनकडे तोंड करून होते. हवा भिंतीपासून सुटली होती आणि त्या कोपऱ्यात ती मागे वाहत होती.

ते धागे बघितल्यावर मला कॉलेजात पाठ केलेली बाउंड्री लेयर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजली असं मी म्हणेन.

लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत एक अगदी छोटा पेपर वाचला, त्यात ही कल्पना होती. भिंतीला अगदी लागून असलेली हवा थांबलेली असते, थोडं दूर गेलं की पूर्ण वेगाने वाहते, आणि या दोन्हींच्या मधला जो पातळ थर आहे त्यातच सगळी भानगड असते. आता पुढे जाताना दाब कमी होत असेल तर सगळी हवा उतारावर असल्यासारखी मजेत पळते. पण पुढे दाब वाढत असेल, ज्याला आम्ही ॲडव्हर्स प्रेशर ग्रेडियंट म्हणतो आणि डिफ्यूझरमध्ये तर आपण तो मुद्दाम तयार करतो, तर हवेला चढ चढायचा असतो. मधल्या वेगवान हवेकडे चढण्याएवढा जोर आहे, भिंतीजवळच्या मंद हवेकडे नाही, तिची दमछाक होते, ती थांबते, मग मागे फिरते, आणि तिथून पुढे अख्खा प्रवाह भिंत सोडून देतो. भरधाव सायकल कळवा ब्रिजचा चढ पॅडल न मारता चढून जाते, रेंगाळत आलेली मध्येच थांबते, तसंच आहे हे.

मग भिंतीजवळच्या हवेला जोर कुठून मिळतो? वरून. प्रवाह लॅमिनार असेल तर वरचा वेग खाली फारच हळू झिरपतो, एकेक पदर दुसऱ्यावरून घसरत जातो, म्हणून लॅमिनार थर चढ दिसला की लगेच हात टेकतो. टर्ब्युलंट प्रवाहात भोवरे वरची वेगवान हवा सतत खाली आणून टाकतात आणि खालची मंद हवा उचलून वर नेतात, भिंतीजवळच्या हवेला सारखं कुणीतरी मागून ढकलत असतं, म्हणून टर्ब्युलंट थर जास्त चढ सहन करतो. गोल्फ बॉलचे खळगे एवढंच करतात, लॅमिनार थराला वेळेआधी टर्ब्युलंट करतात. प्रांटलने १९१४ मध्ये गोलावर एक बारीक तार बसवून हेच दाखवलं होतं, तार लावल्यावर गोलाचा अवरोध कमी झाला, वाढला नाही.

पण माझ्या डिफ्यूझरमधली हवा फॅनच्या पात्यांतून घुसळून आलेली, ती आधीपासून पूर्ण टर्ब्युलंट होती! तिला आणखी टर्ब्युलंट करून काय मिळणार? खळग्यांचा फायदा तिला आधीच मिळालेला होता. राहिला फक्त तोटा, की प्रत्येक खडबडीत टेकाड भिंतीजवळच्या हवेला अडवतं, तिचा जोर काढून घेतं, थर जाड होतो आणि खालचा वेग आणखी मंद होतो. मग त्याच थराला चढावर पाठवलं तर तो लवकर थकणारच. खरखरीतपणा आणि वाढता दाब दोघेही एकाच खिशातून पैसे काढतात, भिंतीजवळच्या हवेच्या खिशातून. मी दोघांचा हिशोब वेगवेगळा केला होता, घर्षणाचे पास्कल एका ओळीत आणि डिफ्यूझरचे दुसऱ्या ओळीत, चूक तिथे होती.

आता किती खरखरीत म्हणजे खरखरीत, हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. योहान निकुराडझे नावाचा प्रांटलचा शिष्य होता, मूळचा जॉर्जियाचा, त्याने जर्मनीतल्या ग्योटिंगेनला पाइपांच्या आत चाळून एकाच मापाची केलेली वाळू चिकटवली आणि त्यातून पाणी सोडून घर्षण मोजलं, ते काम १९३३ मध्ये छापून आलं. आजही जगभरातल्या पाइपांची खरबड त्याच्या वाळूच्या भाषेत सांगतात, म्हणजे हा पाइप किती मिलिमीटर वाळूएवढा खरखरीत आहे. त्याने दाखवलं की कमी वेगात वाळू लावलेला पाइप आणि गुळगुळीत पाइप सारखेच वागतात. कारण टर्ब्युलंट थराच्याही तळाशी एक अगदी बारीक पदर असतो जिथे हवेचा किंवा पाण्याचा चिकटपणा राज्य करतो, वाळू त्या पदरात बुडालेली असेल तर वरच्या प्रवाहाला ती दिसतच नाही. वेग वाढला की हा पदर पातळ होतो आणि वाळूची डोकी वर यायला लागतात. कणाची उंची, भिंतीवरच्या घर्षणातून निघणारा वेग आणि हवेचा चिकटपणा मिळून एक आकडा काढतात, तो साधारण ५ च्या खाली असेल तर भिंत गुळगुळीत समजायची, ७० च्या वर गेला की पूर्ण खरखरीत, मध्ये असेल तर अधलामधला कारभार.

डक्टमध्ये हवा १० मीटर पर सेकंदने जात असेल तर तो चिकट पदर साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटरचा, वहीच्या दीड-दोन कागदांएवढा. साध्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पत्र्याची खरबड ०.०९ ते ०.१५ मिलिमीटर धरतात, म्हणजे ती जवळजवळ त्यातच बुडते. ग्लासवूल लायनिंग ०.९ मिलिमीटर, ते बाहेर डोकावतंच. आणि किचनच्या चिमणीला लावतात तो ॲल्युमिनियमचा चुणीदार फ्लेक्सिबल पाइप, त्या जातीच्या पाइपांना सरळ ३ मिलिमीटर धरायचं. (आमच्या सोसायटीत चिमणी आवाज करते पण ओढत नाही अशी तक्रार दर दुसऱ्या घरी आहे, तो पाइप आकसलेला आणि दोनदा वळवलेला असतो, पूर्ण ताणून सरळ बसवला तरी बराच फरक पडतो. शक्य असेल तर गुळगुळीत पाइप घ्या.)

इथे एक गंमतीची गोष्ट आहे जी मला धाग्यांनंतर बऱ्याच उशिरा कळली. डिफ्यूझरच्या सुरुवातीला, २० मीटर वेगात, माझ्या लायनिंगचा तो आकडा पन्नासच्या आसपास निघतो. पुढे जाताना वेग कमी होतो, भिंतीवरचं घर्षण तर त्याहून भराभर कमी होतं, सुटण्याच्या जागी ते शून्यावर येतं. म्हणजे कागदावर तीच भिंत पुढे पुढे गुळगुळीत होत गेली पाहिजे! शेवटच्या भागात तर आकडा बघून कोणीही म्हणेल की इथे लायनिंगचा काही त्रास नाही. पण त्रास मागेच होऊन गेलेला असतो, हवेने आपला जोर सुरुवातीच्या अर्ध्या मीटरमध्येच गमावलेला असतो आणि तो थकवा घेऊन ती पुढे आलेली असते. बाउंड्री लेयरला आठवण असते. फ्रान्सिस क्लाउझर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये विंड टनेलमध्ये, म्हणजे हवा सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्यात, असे थर तयार केले होते की ज्यांच्यावर दाबाचा ताण आणि भिंतीचं घर्षण यांचं प्रमाण सगळ्या लांबीभर कायम राहील, आणि ते साधण्यासाठी त्याला बरीच खटपट करावी लागली, कारण थर सहजासहजी नव्या परिस्थितीशी जुळवून घेत नाही. एका जागेचा दाब आणि एका जागेची खरबड बघून निकाल देता येत नाही, हवा कुठून कशी आली हे विचारावंच लागतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि आमच्या कामातल्या तक्त्यांमध्ये हेच नसतं, त्यात प्रत्येक तुकड्याचा आकडा वेगळा असतो आणि आपण नुसती बेरीज करतो.

दाब कमी होत जाणारी बाजू उलटी आहे. फॅनच्या तोंडाशी जो बेलमाउथ, म्हणजे कर्ण्यासारखं पसरट तोंड, असतो तिथे हवा वेग घेते, थर पातळ होतो, घर्षण वाढतं, म्हणून तीच खरबड तिथे जास्त टोचते, पण हवा सुटत नाही, फक्त थोडा दाब जास्त जातो. वेग फारच झपाट्याने वाढवला तर टर्ब्युलंट थर चक्क पुन्हा लॅमिनारसारखा शांत व्हायला लागतो, आणि यावरचं महत्त्वाचं काम आपल्याकडे, बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये (भारतीय विज्ञान संस्थेत), रोद्दम नरसिंह आणि श्रीनिवासन यांनी १९७० च्या दशकात केलं. नरसिंह हे सतीश धवनांचे विद्यार्थी, आणि श्रीहरिकोट्याच्या केंद्राला ज्यांचं नाव आहे ते धवन तरुणपणी अमेरिकेत नेमकं भिंतीवरचं घर्षण थेट मोजण्याचं काम करत होते. रॉकेट सुटताना टीव्हीवर त्यांचं नाव ऐकलं की मला ते आठवतं.

मग आम्ही साइटवर काय केलं, तर डिफ्यूझरमधलं सगळं लायनिंग काढलं, क्लाएंटला विनंती करून पुढची लाइन थोडी सरकवली म्हणजे कॉलम मध्ये येणार नाही, साधा जीआयचा दोन मीटरचा ७ अंशांचा शंकू केला आणि सायलेन्सर त्याच्या पुढे, जिथे डक्ट सरळ आहे आणि हवा मंद झालीये, तिथे बसवला. दाब परत आला, आवाजही आटोक्यात आला. तेव्हापासून माझा नियम आहे, खरखरीत काहीही लावायचं तर सरळ भागात, जिथे हवेला चढ चढायचाय तिथे भिंत जितकी गुळगुळीत ठेवता येईल तेवढी ठेवायची.

आता बॉल. बॉलच्या पुढच्या अर्ध्या भागावर हवा वेग घेते, दाब कमी होत जातो, मागच्या अर्ध्यावर वेग कमी, दाब वाढत जातो, म्हणजे मागचा अर्धा भाग हा माझा डिफ्यूझरच आहे, फक्त फार मोठ्या कोनाचा, त्यामुळे हवा कधीतरी सुटणारच, प्रश्न फक्त कुठल्या बाजूने आधी. शिवण सरळ उभी धरून टाकला असं समज, एक गाल चकचकीत, एक सोलवटलेला. मध्यम वेगात चकचकीत गालावरचा थर लॅमिनार राहतो, तो लवकर सुटतो. सोलवटलेल्या गालावर खरबडीने थर टर्ब्युलंट होतो, तो मागे बराच लांबपर्यंत धरून राहतो. त्यामुळे मागची हवा चकचकीत बाजूकडे फेकली जाते आणि बॉल खरखरीत बाजूकडे सरकतो. सरांचं बरोबर. आता वेग वाढव. एका वेगानंतर चकचकीत गालावरचा थरसुद्धा आपला आपण टर्ब्युलंट होतो. मग दोन्ही टर्ब्युलंट, आता खरखरीत गालाचा फायदा संपला आणि उरला माझ्या लायनिंगवाला तोटा, थर जाड, थकलेला, म्हणून खरखरीत बाजूची हवा आधी सुटते आणि बॉल चकचकीत बाजूकडे जातो. टीव्हीवाल्यांचंही बरोबर. तिरक्या शिवणीच्या रिव्हर्स स्विंगमध्ये हेच काम शिवण करते, हवा शिवणीपाशी पोचण्याआधीच टर्ब्युलंट झालेली असते आणि शिवणीचा उंचवटा तिला मदत करायच्या ऐवजी अडवून जाड करतो. नवीन बॉलला हे व्हायला साधारण ताशी १३०-१४० किलोमीटरच्या पुढचा वेग लागतो, बॉल जुना आणि खरबडीत झाला की कमी वेगातही होतं. साधा स्विंग ११० च्या आसपास सगळ्यात चांगला मिळतो असं विंड टनेलमधल्या मोजणीत आलंय, त्यामुळे तुला तुझ्या वेगाची काळजी करायचं काहीच कारण नाही, तू सध्या साध्या स्विंगच्याच रेंजमध्ये येतोयस.

ऐरोलीला राहायला आल्यापासून मला हीच गोष्ट घराबाहेरही दिसते. पावसाळ्यात वारा खाडीवरून येतो, पाणी म्हणजे हवेसाठी गुळगुळीत फरशी, मग तिवरं लागतात, मग सेक्टरांमधल्या बिल्डिंगी, आणि प्रत्येक ठिकाणी खालून एक नवा थर तयार व्हायला लागतो, ठोकताळा असा की खरबड बदलल्यापासून जेवढं अंतर आत आलो त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या उंचीपर्यंतच्या हवेला बदल कळलेला असतो. म्हणून खाडीकडच्या पहिल्या रांगेतल्या गच्चीवर कपडे उडतात आणि मागच्या रांगेत त्याच मजल्यावर तेवढा जोर नसतो. इमारतींसाठीच्या वाऱ्याच्या आपल्या कोडमध्ये, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, म्हणूनच जमिनीचे चार प्रकार केलेत, उघड्या समुद्रकिनाऱ्यापासून ते उंच इमारतींच्या दाटीपर्यंत. पुढे हा वारा पारसिकच्या डोंगराला भिडतो, चढताना वेग घेतो, आणि पलीकडे उतरताना पुन्हा तोच वाढता दाब, त्यात झाडीची खरबड. उघड्या गुळगुळीत टेकडीपेक्षा झाडी असलेल्या टेकडीमागे हवा कमी उतारावरही सुटते. म्हणजे बॉल, डिफ्यूझर आणि डोंगर, तिन्हीकडे एकच हिशोब, मला तर हे लिहितानाही छान वाटतंय.

हे सगळं काल फोनवर भाच्याला वाचून दाखवलं तर त्याने लगेच विचारलं की टेबल फॅनसमोर बॉल टांगून धागे लावून बघू का. टेबल फॅनने नाही होणार, हवा पाच-सहा मीटर पर सेकंदला येते, बॉलसाठी ती फार मंद आहे, आणि जाळीतून येताना आधीच घुसळलेली असते. पण आमच्या कंपनीत फॅन तपासायची जी टेस्ट रिग आहे तिच्यावर ३० मीटरपर्यंत वेग मिळतो, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, आणि तोंडाशी हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आहे त्यामुळे हवा बरीच शांत येते. शनिवारी दुपारनंतर रिग रिकामी असते, साहेबांना विचारलंय, ते हो म्हणाले, फक्त पोराला सेफ्टी शूज आणि कानाला प्लग पाहिजेत. आता नऊ नंबरचे शूज कोणाकडे मिळतात ते बघतेय, आणि वहिनीकडे स्वेटरची उरलेली पांढरी लोकर आहे ती आणायला सांगितलीये, लाल बॉलवर पांढरे धागे फोटोत नीट दिसतील.